स्कोअर ५५ आला, आता काय?

‘तुम्ही पॉर्नच्या आहारी गेलाय का? दहा प्रश्नांत ओळखा.’ तुम्ही अलिबागला असा, पेणला असा नाहीतर श्रीवर्धनला, अशी क्विझ मोबाइलवर कधीतरी येतेच. कुणी बघत नाही ना, याची खात्री करून तुम्ही ती सोडवता. लाल अक्षरांत निकाल येतो आणि झोप उडते.

मित्रमैत्रिणींनो, टेन्शन घेण्याआधी हे मोजमाप चालतं कसं, ते बघा.

सगळ्याच प्रश्नावल्या थिल्लर नसतात. मानसशास्त्रज्ञ वापरतात त्यातली एक म्हणजे २०११ साली आलेली ‘हायपरसेक्शुअल बिहेव्हिअर इन्व्हेंटरी’. त्यात १९ विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. स्वतःला आवरता येतं का, नुकसान होतंय का आणि दुःख विसरायला हाच मार्ग उरलाय का, हे ती चाचपते. ५३ किंवा जास्त गुण आले, तर पुढे तपासणी करावी, इतकाच त्याचा अर्थ. थर्मामीटर ताप दाखवतो. तो कशाचा, हे डॉक्टरच सांगतात.

गोची अशी, की हे थर्मामीटर तुमची लाजही मोजतं. आपल्या मूल्यांविरुद्ध वागणं होतं का, असंही त्यात विचारलेलं असतं. लहानपणापासून ‘हे पाप आहे’ ऐकलेला मुलगा तिथे थेट पाचवर टिक करणार, मग तो महिन्यातून दोनदाच व्हिडिओ बघत असला तरी! आणि मुलींना तर हा प्रश्न पडूच नये, अशी आपल्याकडे अपेक्षा. त्यात भाषांतर करणाऱ्याने ‘वासना’, ‘वाईट सवय’ असे शब्द वापरले, की उत्तर आधीच ठरलं.

ही लाज येते कुठून? रस्त्याकडेच्या भिंती वाचा. ‘गुप्तरोग, धातू जाणे, खात्रीशीर इलाज.’ धातू गेला की ताकद गेली, या भीतीने खंगणाऱ्या तरुणांच्या अवस्थेला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ म्हटलं. त्याच्याही आधी, १९२७ पासून र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या विषयांवर मोकळेपणाने लिहीत होते. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. भिंती मात्र अजून त्याच भीतीवर धंदा करतायत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत अनावर लैंगिक वर्तनाचा विकार आहे. पण साधारण सहा महिने किंवा जास्त काळ आवर न घालता येणं आणि त्यापायी खरा त्रास किंवा नुकसान होणं, ही त्याची खूण. त्रास फक्त ‘हे चूक आहे’ या अपराधी भावनेचा असेल, तर तेवढ्यावर विकार ठरत नाही.

म्हणून किती वेळा, हे मोजत बसू नका. लेक्चर बुडतायत का? पैसे उडतायत का? थांबायचं ठरवूनही पुन्हा पुन्हा हरताय का? उत्तर ‘हो’ असेल, तर स्कोअर कितीही येवो, मदत घ्या. आणि कुणाला नकोसे मेसेज, फोटो पाठवत असाल, तर ‘मला व्यसन आहे’ ही सबब चालणार नाही.

छोट्या गावात दवाखान्यात ओळखीचं कुणीतरी भेटणारच, ही धास्ती खरी आहे. त्यासाठी १४४१६ हा सरकारचा ‘टेलिमानस’ नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. क्विझला तुमचं आयुष्य माहीत नाही. तिथे निदान ऐकणारं माणूस तरी आहे.