शिफ्ट सुटल्यानंतरची भूक

चाकणच्या तळेगाव चौकात रात्री साडेबाराला उभं राहून पाहा. सेकंड शिफ्ट सुटलेली असते. कंपन्यांच्या बस माणसं उतरवून निघून जातात आणि रस्त्याकडेच्या गाड्यांवर कढया खणखणू लागतात. हाफ शेजवान राईस, मंच्युरियन, अंडाभुर्जी-पाव. खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं, हातात कागदी प्लेट, आणि उभ्याउभ्या दहा मिनिटांत जेवण आटोपलेलं. हे बघून आमच्याकडचे शहाणे जो निष्कर्ष काढतात तो मला मान्य नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

निष्कर्ष असा की पोरं बिघडली. जिभेचे चोचले वाढले, पाश्चात्त्य खाण्याची चटक लागली, घरची भाकरी नकोशी झाली. सप्ताहातल्या कीर्तनापासून कंपनीतल्या आरोग्य शिबिरापर्यंत हेच ऐकू येतं. अशाच एका शिबिरात डॉक्टर पन्नासेक पोरांना बजावत होते, "बाहेरचं खाऊ नका." मागच्या रांगेतला एक जण हळूच म्हणाला, "सर, आतलं कुठे मिळतं तेवढं सांगा." सगळे हसले, डॉक्टरही हसले. उत्तर मात्र आलं नाही.

आधी 'पाश्चात्त्य' या शब्दाचा निकाल लावू. मॅकडोनाल्ड्सचं पहिलं दुकान भारतात उघडलं 1996 साली. त्याच्या तीस वर्षं आधी, 1966 च्या सुमाराला, दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला, असं मानलं जातं. पाव आणि बटाटा दोन्ही पोर्तुगीजांची देणगी, हे खरं. पण वडापाव रुजला तो गिरणगावामुळे. पाळीला पळणाऱ्या माणसाला एका हातात धरून, चालता चालता खाता येईल आणि पोटाला आधार होईल असं काहीतरी हवं होतं. 1982 चा गिरणी संप चिघळला, गिरण्यांचे भोंगे थंडावले, तेव्हा किती तरी गिरणीकामगारांनीच वडापावच्या गाड्या टाकल्या. म्हणजे आपलं झटपट खाणं कारखान्याच्या दारातच जन्मलं. तेव्हा कुणी संस्कृती बुडाल्याची ओरड केली नाही. उलट मराठी बाणा म्हणून त्याच वड्याचं राजकारण झालं.

अमेरिकेतही गोष्ट वेगळी नाही. 1948 साली मॅकडोनाल्ड बंधूंनी कॅलिफोर्नियातलं आपलं चालतं हॉटेल बंद करून स्वयंपाकघर नव्याने मांडलं, ते कारखान्यातल्या असेम्ब्ली लाइनसारखं. एक जण फक्त पॅटी भाजणार, दुसरा फक्त पाव भरणार. मोटारी बनवायची रीत त्यांनी जेवणाला लावली. आज चाकणमध्ये दिवसभर लाइनवर मोटारी जोडणारा मुलगा रात्री त्याच रीतीने बनलेलं जेवण खातो, यात चटकेचा भाग किती आणि घड्याळाचा किती?

गंमत म्हणजे त्याच 1948 मध्ये आपल्याकडे कारखाना कायदा झाला. पाच तासांपेक्षा जास्त सलग काम नको, मध्ये किमान अर्ध्या तासाची सुट्टी हवी, आणि 250 पेक्षा जास्त कामगार असतील तिथे कँटीन हवं, असं त्यात होतं. 2020 च्या कामगार संहितेने हा आकडा 100 वर आणला, तोही कंत्राटी कामगार धरून. कागदावर सुंदर. पण खराबवाडी, नाणेकरवाडीच्या गाळ्यांत चाळीस-पन्नास माणसांवर चालणाऱ्या लहान व्हेंडर कंपन्या या आकड्यात येतच नाहीत. तिथे अर्ध्या तासात हात धुवायचे, गेटबाहेर यायचं, रांग लावायची, खायचं, परत पंचिंग करायचं. वडापावला पर्याय काय, ते सांगणाऱ्याने एकदा त्या अर्ध्या तासात बसून जेवून दाखवावं.

आता घरी करून खा, हा सल्ला. माझ्या गल्लीत, मेदनकरवाडीला, दहा बाय दहाच्या खोलीत चौघे राहतात. दोघे फर्स्टला, एक सेकंडला, एक नाइटला. एक जण कायम झोपलेला. कुकरची शिट्टी वाजवायची तर कुणाच्या झोपेवर? पाच किलोचा सिलिंडर आता नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. पण घरमालकाची पहिली अट असते, खोलीत गॅस चालणार नाही. वर तळेगाव चौकातली, आंबेठाण चौकातली वाहतूक कोंडी. आठ तासांची ड्युटी दारापासून दारापर्यंत अकरा तासांची होते. उरलेल्यात भाकऱ्या थापायच्या म्हणता?

पण म्हणून दुसऱ्या बाजूच्या वकिलांचंही मी ऐकून घेणार नाही. ते म्हणतात, कुणी कुणावर सक्ती केलेली नाही, ज्याला हवं तो खातो. शिवाय या धंद्याने रोजगार दिला, शेतकऱ्याला गिऱ्हाईक दिलं. शेवटचं थोडं खरं आहे. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावरचा बटाटा वेफर्सच्या कंपन्यांशी करार करून पिकवला जातो. गाडीवर कढई परतणाराही बऱ्याचदा ठेकेदाराने कमी केलेला कामगारच असतो, आणि घरपोच डबे पोचवणारी पोरंही त्यातलीच. त्यांच्यावर माझा राग नाही. राग 'निवड' या शब्दावर आहे. रात्री साडेबाराला एका गाडीवर नूडल्स आणि दुसऱ्या गाडीवर राईस असेल, तर ती निवड नव्हे.

आणि नुकसान होतंच. तेच तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं वाढतात. ती 25 टक्क्यांवर गेली की तेल टाकून द्यायचं, असा केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम 2018 पासून आहे. ते मोजायचं यंत्र चाकणच्या एकाही गाडीवर मी पाहिलेलं नाही. तेल काळं झालं की गाडीवाला त्यात नवं ओततो. ओळखीतल्या पंचविशीच्या पोरांच्या खिशात मोबाइलइतकीच नेमाने पित्ताच्या गोळ्यांची पट्टी सापडते.

मग हवं काय? माझं म्हणणं एवढंच आहे की कामगाराचं जेवण ही त्याच्या संयमाची बाब न मानता कामाच्या व्यवस्थेचा भाग मानावी. हे स्वप्नरंजन नाही, महाराष्ट्रात करून झालेलं आहे. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने सत्तरच्या दशकात 'कष्टाची भाकर' सुरू केली, ना नफा ना तोटा तत्त्वावर. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. उलट 1995 ची एक रुपयातली झुणका-भाकर आठवा. अनुदान आटलं आणि कित्येक केंद्रांच्या जागी दुसरेच खाद्यपदार्थ विकले जाऊ लागले. झुणका तोच, भाकरी तीच; फरक मालकीचा होता. हमालांची भाकरी हमालांच्या हातात होती, झुणका-भाकर मंत्रालयाच्या.

चाकणमध्ये खानावळी आहेत, पण एकेकट्या. आमच्या गल्लीतल्या मावशी मूळच्या जालन्याच्या. डब्यांवर खडूने ए, बी, सी लिहितात, म्हणजे कुठल्या शिफ्टचा ते कळतं. एकोणीस किलोचा व्यावसायिक सिलिंडर त्यांना परवडत नाही, घरगुती वापरला तर कारवाईची धास्ती. औद्योगिक क्षेत्रात ट्रकना थांबायला जागा राखता येते, तर अशा दहा मावश्यांना मिळून एक ओटा, नळ आणि शेड का देता येऊ नये? ज्या लहान कंपन्यांना कँटीनचा कायदा लागू नाही, अशा चार-पाच कंपन्यांनी मिळून तिथूनच डबे घ्यावेत, पैसे कंपनीने भरावेत.

गेल्या महिन्यात मावशींनी सेकंडवाल्यांची रात्रीची पंगत बंद केली. रात्री दीडपर्यंत जागायचं आणि पहाटे पाचला फर्स्टचे डबे भरायचे, एकटीला झेपेना. तिथली सातही पोरं आता चौकातल्या गाडीवर दिसतात. परवा गाडीवाल्याला म्हटलं, तुझं बरं झालं, सात गिऱ्हाइकं वाढली. कढई घासत तो म्हणाला, "कसलं बरं, दादा. गाडी लावून झाल्यावर मी पण मावशींकडेच जेवायचो."