श्रद्धांजली वाहून झाली, आता जबाब लिहा

आपल्या बोर्डिंगांच्या माजी विद्यार्थ्यांचे स्नेहमेळावे हल्ली गावोगाव भरतात. त्रिशरण-पंचशील होतं, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि मग सूत्रसंचालक म्हणतो, "आपल्यातून अकाली गेलेल्या मित्रांसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या." दोन मिनिटं कसली, चाळीस सेकंदांत खुर्च्या वाजतात. पण जेवणाच्या पंगतीत तो गेलेला पोरगा पुन्हा निघतो. कुणी त्याच्या कबड्डीबद्दल बोलतो, कुणी त्याच्या आजारपणाबद्दल. शेवटी एकजण म्हणतो, "जाऊ द्या, आयुष्य तेवढंच होतं." विषय संपतो.

माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं पोराच्या मरणापाशी आली की एकदम प्रारब्धवादी होतात. बुद्धाने सांगितलं, जे घडतं ते कारणाने घडतं. मग बारा वर्षांच्या मुलाच्या मरणालाही कारण असणार, आणि ते शोधता येणार.

आमच्या बोर्डिंगमधला एक मुलगा सातवीत असताना गेला. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. अक्षर चांगलं म्हणून लहान पोरांची घरी पाठवायची पोस्टकार्डं तोच लिहून द्यायचा. मजकूर ठरलेला: मी इकडे खुशाल आहे, काळजी करू नये. पोरगा तापाने फणफणलेला असला तरी हेच लिहायचं, कारण कार्डं पेटीत पडण्याआधी अधीक्षक वाचत.

मागच्या मेळाव्यात त्याच्याबद्दल पाचजण बोलत होते. एकाला आठवतं, ताप तीन दिवस होता. दुसऱ्याला आठवतं, अधीक्षक शनिवारी दुपारी घरी गेले ते सोमवारी उगवले. तिसरा सांगत होता, स्वयंपाकाच्या बाईंनी कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या आणि दोन मोठ्या मुलांना सायकलवरून गावात पिटाळलं, जीप मिळते का बघायला. जीप पहाटे मिळाली. दवाखाना लांब होता, मुलगा वाटेतच गेला. आई-बापांना मात्र सांगण्यात आलं की पोरगा बाजारात जाऊन उघड्यावरचं काहीबाही खाऊन आला होता. त्या आठवड्यात त्याने फाटकही ओलांडलं नव्हतं, हे त्याच्या शेजारी झोपणारे दोघे आजही छातीवर हात ठेवून सांगतात. त्याची पत्र्याची पेटी एसटीच्या टपावरून घरी गेली. त्याची आई आता सत्तरीपुढे आहे आणि अजूनही म्हणते, माझ्या लेकाची जीभच चटोर होती.

म्हणजे मेला तो, आणि आरोपही त्याच्याच डोक्यावर.

आता कायदा काय म्हणतो बघा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. त्याच्या कलम ८ मध्ये वसतिगृहाचा स्पष्ट उल्लेख आहे: तिथे मृत्यू झाला तर निबंधकाला कळवण्याची जबाबदारी तिथल्या प्रमुखाची. पण मुलाने जीव जीपमध्ये सोडला की तो मृत्यू 'वसतिगृहातला' राहतच नाही. शिवाय मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतं. नोंदवहीतलं कारण दाखल्यावर उतरवू नये असं हाच कायदा कलम १७ मध्ये सांगतो. राहिली पोलिसांची अकस्मात मृत्यूची नोंद. ती कुणी कळवलं तर होणार. गरीब बाप पोराची चिरफाड नको म्हणून हात जोडतो आणि संस्थेलाही तेच हवं असतं. अशा रीतीने एक मुलगा कागदावरून पुसला जातो. उरतात फक्त सोबतच्या पोरांच्या आठवणी.

हे एकट्या आमच्या बोर्डिंगचं नाही. आदिवासी आश्रमशाळांतल्या मृत्यूंवर डॉ. सुभाष साळुंके समितीने २०१६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा साधारण पंधरा वर्षांतल्या मृत्यूंचा आकडा हजारावर गेलेला होता. नवोदय विद्यालयांत तर निवडून घेतलेली हुशार मुलं असतात. तिथे २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत ४९ मुलांनी आत्महत्या केल्या, त्यातली निम्मी दलित-आदिवासी, हे माहिती अधिकारातून बाहेर आलं. या प्रत्येक मुलाच्या शेजारच्या वळकटीवर कुणीतरी झोपत होतं. त्या शेजाऱ्याला कुणी विचारलं का?

यावर आपल्याच माणसांचं ठरलेलं उत्तर असतं: संस्था आपल्या माणसाची आहे, बदनामी कशाला? ते बोर्डिंग नसतं तर आज तू कुठे असतास? बोर्डिंग नसतं तर मी गावात ढोरं वळली असती, हे खरंच आहे. पण उपकाराची ही भाषा मला मान्य नाही. शाहू महाराजांनी १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभं केलं. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात वसतिगृह काढलं. गावकुसाबाहेरच्या मुलाला शिकायचं तर आधी छप्पर आणि दोन वेळची भाकरी हवी, हे या माणसांना ठाऊक होतं. आमचं बोर्डिंग तर सरकारच्या परिपोषण अनुदानावर, म्हणजे जनतेच्या पैशावर चालत होतं. तिथल्या पोराला तापात डॉक्टर मिळणं हा त्याचा हक्क होता. संस्थापक जयभीमवाला असला म्हणून हिशेब माफ होत नाही. उलट त्याला दुप्पट विचारलं पाहिजे. (तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या अधीक्षक-स्वयंपाक्यांवर सगळं ढकलून अध्यक्ष नामानिराळे राहतात, तेही पुरे झालं.)

तेव्हा मित्रांनो, पुढच्या मेळाव्यात फोटोला हार घालण्याआधी एक काम करा. प्रत्येकाने आपापल्या घरी बसून लिहा. एकत्र बसून लिहू नका, एकाचं ऐकून दुसऱ्यालाही तसंच आठवायला लागतं. स्वतः पाहिलेलं वेगळं आणि कानावर आलेलं वेगळं लिहा. तारीख आठवत नसेल तर कोणती परीक्षा चालू होती, नदीला पाणी होतं का, ते लिहा. खाली सही करा. सोबत माहितीचा अर्ज टाका: त्या वर्षीचा हजेरीपट, दवाखान्याची नोंदवही, पोलीस ठाण्यातली नोंद. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती नाकारण्याची बरीचशी कारणं कलम ८(३) मुळे गळून पडतात. दप्तर नष्ट झालं म्हणाले, तर तेही लेखी घ्या. आणि हजेरीपट मिळालाच, तर पोरगा गेल्यावर त्याच्या नावापुढे किती महिने हजेरी लागत राहिली, म्हणजे किती महिने अनुदान उचललं गेलं, हे आधी बघा.

आमच्यातला एकजण विचारतो, इतक्या वर्षांनी त्या माउलीला कशाला दुखवायचं? तिचा लेक स्वतःच्या चुकीने मेला असं समजून ती जगते आहे, याहून आणखी काय दुखवणार? तिच्याकडे जायला तिघे तयार आहेत. त्याआधी स्वयंपाकाच्या बाईंना गाठायला हवं. त्या हयात आहेत, लेकीकडे असतात, ऐकू कमी येतं. त्यांचा जबाब सगळ्यात आधी लिहून घ्यायचा आहे.