भूमिगत कोळसा खाण: शेत वाचतं, पण धोका कुठे जातो?

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) स्थानकावरून कोळशाच्या मालगाड्या नेहमीच जातात. विदर्भातला बहुतांश कोळसा खुल्या खाणींतून निघतो. त्यासाठी शेतं, कधी अख्खी गावं हटवावी लागतात. आता केंद्र सरकारला भूमिगत खाणी वाढवायच्या आहेत. एप्रिल २०२५ मध्ये अशा खाणींसाठी सरकारला द्यायच्या महसुली वाट्याची किमान मर्यादा ४ वरून २ टक्क्यांवर आली, आगाऊ रक्कमही माफ झाली.

पण भूमिगत खाण तयार कशी होते?

आधी उभा किंवा तिरका बोगदा खोदून कोळशाच्या थरापर्यंत पोहोचतात. बाहेर पडायला किमान दोन वाटा लागतात. हवेसाठी पंखे, पाणी उपसायला पंप बसतात. मग थरात आडवे-उभे रस्ते खोदून मधे कोळशाचेच खांब सोडतात. छत त्यांच्यावर तोललेलं असतं. शेवटी हे खांबही काढले, तर छत कोसळतं आणि वरची जमीन खचू शकते. पोकळीत वाळू भरली तर खचणं कमी होतं, पण खर्च वाढतो.

छत कोसळण्याचा धोका इतर भूमिगत खाणींतही असतो. जानेवारी २०२५ मध्ये भंडारा जिल्ह्यातल्या चिखला मँगनीज खाणीत छताचा भाग कोसळून दोन कामगारांचा मृत्यू झाला.

त्यामुळे सवलतींइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा: छताचा आधार, हवा आणि वाळू यांवर खर्च होणार का? तिथे काटकसर झाली, तर किंमत खाली उतरणारा कामगार आणि वरचा शेतकरी मोजेल.