दोर कोणाच्या हाती?

उज्जैनच्या राम घाटावर २०२८ साली पुन्हा सिंहस्थाचा मेळा भरेल. त्याआधी, २०२७ साली, नाशिक-त्र्यंबकेश्वरचा. दोन्हीकडे गोमंतकातून व कोकणातून पुष्कळ भाविक जातील. उज्जैनशी तर आपले नाते जुने आहे. अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करविणारे रामचंद्रबाबा सुखटणकर हे राणोजी शिंद्यांचे दिवाण, जातीने शेणवी. परंतु राम घाटावर बुडी मारणाऱ्या यात्रेकरूला सहसा ठाऊक नसते की, तेथले पाणी निव्वळ क्षिप्रेचे नाही. उन्हाळ्यात ही नदी आटते. म्हणून नर्मदेचे पाणी पंपांनी वर चढवून क्षिप्रेच्या उगमापाशी सोडण्याची योजना २०१४ साली सुरू झाली आणि २०१६चा सिंहस्थ त्याच पाण्यावर पार पडला.

नदीच जेथे यंत्राच्या आधाराने वाहते, तेथे गर्दीची व्यवस्था यंत्रावाचून कशी व्हावी? अशा मेळ्यांचा कारभार आता कॅमेरे, संगणक व सर्व्हर यांवर चालतो. ते अडले की ते सुरू करणारा तंत्रज्ञ बहुधा दुसऱ्या शहरात बसलेला असतो आणि तिथूनच येथला संगणक हाताळतो. हे ज्या साधनाने घडते त्या दूरनियंत्रण सॉफ्टवेअरची निवड हा वरकरणी कारकुनी खरेदीचा विषय. आमच्या मते तो सत्तेचा विषय आहे. ज्याच्या हाती ही किल्ली, त्याच्या हाती कचेरी.

या साधनाची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. पेडण्यापासून काणकोणपर्यंत पसरलेल्या सरकारी कचेऱ्यांत प्रत्येक बिघाडासाठी माणूस धाडावयाचा म्हटले, तर जनतेची कामे आठवडा आठवडा खोळंबतील. पणजीत बसलेल्या एका जाणत्या तंत्रज्ञाने दहा ठिकाणचे संगणक सांभाळावेत यात गैर काहीच नाही. गैर आहे ते असे की, त्याच वाटेने दुसरा कोणी आत आला तर काय, हा प्रश्न खरेदीच्या वेळी कोणी विचारीत नाही. बँकेचा अधिकारी असल्याचे भासवून ‘एनीडेस्क’ उतरवून घ्यावयास लावणाऱ्या ठगांविषयी रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच बँकांना सावध केले होते. गृहिणीला जे भय, ते सरकारी खात्याला नाही असे कोण म्हणेल?

परदेशातील दोन उदाहरणे बोलकी आहेत. जुलै २०२१ मध्ये ‘कासेया’ या अमेरिकन कंपनीच्या दूरव्यवस्थापन सॉफ्टवेअरमधील छिद्रातून खंडणीखोर शिरले आणि शेकडो व्यवसायांचे संगणक एका झटक्यात कुलूपबंद झाले. त्यांपैकी कोणीही त्या चोरांना दार उघडले नव्हते. दार राखणाऱ्याच्याच हातून ते उघडले गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्लोरिडातील ओल्ड्समार गावच्या पाणीपुरवठा केंद्रात कॉस्टिक सोड्याचे प्रमाण दशलक्ष भागांत १०० वरून ११,१०० वर नेण्याची आज्ञा संगणकाने घेतली. जागेवरच्या कर्मचाऱ्याने ती तत्काळ फिरविली म्हणून अनर्थ टळला. दूरवरून कोणी घुसखोराने हे केले, असे प्रथम सांगण्यात आले. पुढे त्या नगराच्या माजी व्यवस्थापकानेच ती कर्मचाऱ्याची चूक असावी असे म्हटले. दूरनियंत्रणासाठी सर्व संगणकांना एकच परवलीचा शब्द होता, असे तपासात आढळले होते. एकाच किल्लीने दहा हात दार उघडू लागले की, चोर कोण आणि घरचा कोण हे सांगणार कोण?

तिसरे उदाहरण आपल्याच देशातले. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांचा हवाला देत मायक्रोसॉफ्टने गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धी कारखाना असलेल्या ‘नायरा एनर्जी’च्या सेवा अचानक थांबविल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, तेव्हा कुठे त्या पूर्ववत झाल्या. कायदा भारताचा, कारखाना भारतात, पण दोर परक्या हाती, ही स्थिती स्वाभिमानी राष्ट्राने निमूटपणे स्वीकारावी काय?

तेव्हा निवड करावयाची कशी? ‘टीमव्ह्यूअर’, ‘एनीडेस्क’ यांसारखी साधने सोपी, पण त्यांची जोडणी सामान्यतः त्या त्या कंपनीच्या सर्व्हरच्या मध्यस्थीने होते. ‘रस्टडेस्क’, ‘मेशसेंट्रल’ यांसारखी मुक्त साधने आपल्याच सर्व्हरवर ठेवता येतात, मात्र ती राखावयास आपला माणूस लागतो. स्वदेशी म्हणून डोळे मिटून घ्यावे असेही नाही. निष्काळजी हाती स्वदेशी कुलूपही उघडेच राहते. साधन कोणतेही असो, प्रत्येक कर्मचाऱ्याचे स्वतंत्र खाते आणि परवलीच्या शब्दाखेरीज दुसरी खूण हवी. प्रवेश कामापुरता, वेळेपुरता असावा. ठेका संपला त्या दिवशी ठेकेदाराची किल्ली बंद व्हावी. कोण केव्हा आत आला याची नोंद त्याला पुसता येणार नाही अशा जागी राहावी. नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि हल्ल्याची खबर सहा तासांत द्यावी, असा ‘सर्ट-इन’चा आदेश २०२२ पासून आहेच. सर्वांत स्वस्त निविदा स्वीकारण्याच्या आपल्या परिपाठात यातील एकाही कलमाला किंमत नसते, हेच खरे दुखणे.

गोमंतकाने हा धडा स्वतः घेतलेला आहे. जून २०२२ मध्ये, ऐन पावसाळ्यात, जलसंपदा खात्याच्या पूरसूचना यंत्रणेच्या सर्व्हरवर खंडणीखोरांनी घाला घातला आणि नद्यांवरील केंद्रांची माहिती खात्याला मिळेनाशी झाली. चोवीस तास इंटरनेटला जोडलेला सर्व्हर, व्हायरसविरोधी संरक्षणाचा अभाव आणि कालबाह्य फायरवॉल ही कारणे खात्याच्याच तक्रारीत नमूद होती. त्या दिवसांत मोठा पूर आला असता तर नदीकाठच्या वाड्यांना वेळीच कोणी उठविले असते?

आमची मागणी साधी आहे. कोणत्या खात्याच्या संगणकांची किल्ली कोणत्या ठेकेदाराकडे आहे याची नोंदवही सरकारने तयार करावी, दर पावसाळ्यापूर्वी ती तपासावी आणि तपासणी झाल्याचे विधानसभेत सांगावे. शिवाय जेथे पाणी, वीज वा गर्दी यांच्याशी गाठ आहे, तेथे दूरची आज्ञा मोडून यंत्र हाताने थांबवू शकणारा शिकवून तयार केलेला माणूस जागेवर हवाच. ओल्ड्समारला वाचविले ते अशाच माणसाने. राम घाटावर असो वा मांडवीकाठी, त्या माणसाचा पगार वाचविणे ही काटकसर नव्हे.