चावी कोणाच्या खिशात?

१८ जुलै २०२४. भारतातल्या तेव्हाच्या बड्या क्रिप्टो एक्स्चेंजपैकी एक असलेल्या वझीरएक्सच्या वॉलेटमधून साधारण २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची क्रिप्टोकरन्सी गायब झाली. त्याच दिवशी विड्रॉवल थांबवलं गेलं. ॲप उघडलं की आपली कॉइन्स दिसायची, काढता मात्र यायची नाहीत. डिसेंबरमध्ये बिटकॉइनने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, सोशल मीडियावर जल्लोष झाला आणि वझीरएक्सवर अडकलेली मंडळी तो नुसती बघत राहिली. सिंगापूरच्या कोर्टाने परतफेडीच्या योजनेला मंजुरी दिली आणि प्लॅटफॉर्म पुन्हा सुरू झाला, तोपर्यंत ऑक्टोबर २०२५ उजाडला होता. सव्वा वर्ष गेलं.

‘पासवर्ड स्ट्राँग ठेवा’ हा सल्ला इथे काय कामाचा होता? ज्यांचे पैसे अडकले त्यांच्यापैकी कित्येकांचे पासवर्ड उत्तमच असतील. चोरी त्यांच्या फोनमधून झालीच नव्हती. ती झाली कंपनीच्या वॉलेटमधून, आणि तेही साधंसुधं वॉलेट नव्हतं. सोसायटीच्या चेकवर चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार अशा सह्या लागतात ना, तसंच त्या वॉलेटला एकापेक्षा जास्त जणांच्या डिजिटल सह्या लागायच्या. त्या सह्या झाल्याही. कंपनीच्या म्हणण्यानुसार, सही करणाऱ्यांना स्क्रीनवर दिसत होता तो व्यवहार वेगळा आणि प्रत्यक्षात सही झाली ती भलत्याच गोष्टीवर. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून दीड अब्ज डॉलर गेले तेव्हाही स्क्रीनवरचं चित्र आणि आतला व्यवहार यांत असाच फरक होता. अमेरिकी यंत्रणांनी या दोन्ही चोऱ्यांसाठी उत्तर कोरियाच्या हॅकर्सकडे बोट दाखवलं आहे.

आपल्या पिढीला यूपीआयची सवय आहे. चुकून पैसे गेले तर बँकेत तक्रार करता येते, बँकेने ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. बँकच बुडाली तरी पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. क्रिप्टो एक्स्चेंजचं ॲप दिसतं अगदी बँकेच्या ॲपसारखं, पण त्याच्यामागे यातलं काहीच नाही. ब्लॉकचेनवर एकदा व्यवहार पक्का झाला की तो उलटवणारा कोणी साहेब नसतो. म्हणून कोणतं कॉइन वर जाईल याच्या आधी विचारायचा प्रश्न असा: चावी कोणाकडे आहे?

एक्स्चेंजवर ठेवलेल्या क्रिप्टोची चावी एक्स्चेंजकडे असते. आपल्याकडे असतो तो फक्त लॉगिन. सगळीच एक्स्चेंज सारखी वागतात असंही नाही. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्सच्या अंतर्गत खात्यातून सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर गेले, तेव्हा कंपनीने तो तोटा स्वतःच्या राखीव निधीतून सोसला. पण हे त्या-त्या कंपनीच्या ताकदीवर आणि इच्छेवर झालं. त्या दृष्टीने ऑक्टोबर २०२५ मधला मद्रास हायकोर्टाचा निकाल वाचण्यासारखा आहे. वझीरएक्सवर ३,५३२ एक्सआरपी अडकलेल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात कोर्टाने म्हटलं की क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती दुसऱ्याकडे विश्वस्त म्हणून ठेवता येते. चोरीला गेलेली कॉइन्स वेगळीच होती, त्या ग्राहकाचे एक्सआरपी नव्हे, हेही कोर्टाने नोंदवलं. दिलासा आहेच, पण तो मिळवायला हायकोर्टाची पायरी चढावी लागली.

मग चावी स्वतःकडेच ठेवायची? ठेवता येते. स्वतःचं वॉलेट उघडलं की १२ किंवा २४ साधे इंग्रजी शब्द मिळतात, त्याला सीड फ्रेज म्हणतात. ते शब्द ज्याच्याकडे, त्याच्याकडे सगळं. आणि आपण करतो काय? स्क्रीनशॉट! मग तो गॅलरीत, गॅलरीतून क्लाउडवर, कधीकधी ‘सेव्ह करून ठेव रे’ म्हणत मित्राच्या व्हॉट्सॲपवर. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने स्पार्ककॅट नावाचं मालवेअर उघडकीला आणलं. ते फोनमधल्या फोटोंवरचा मजकूर वाचून नेमके असे स्क्रीनशॉट शोधायचं, आणि ज्या ॲप्समध्ये ते सापडलं त्यातली काही गूगल प्ले आणि ॲपलच्या ॲप स्टोअरवरही होती. तेव्हा हे शब्द कागदावर लिहायचे, दोन प्रती काढायच्या आणि त्या दोन वेगळ्या जागी ठेवायच्या. कोणतंही खरं कस्टमर केअर ते कधीच विचारत नाही. जो विचारेल तो चोर.

उलट बाजूही आहे. कागद हरवला तर ‘फर्गॉट पासवर्ड’ नाही. वेल्समधल्या जेम्स हॉवेल्सची हार्ड ड्राइव्ह २०१३ मध्ये कचऱ्यात गेली, तिच्यात सुमारे ८,००० बिटकॉइन्सची चावी होती. कचरा डेपो खणू द्या म्हणून तो कोर्टात गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथेही हरला. त्यामुळे दोन-चार हजार रुपये टाकून शिकणाऱ्याने लगेच हार्डवेअर वॉलेट घ्यावं, असं मला तरी वाटत नाही. एफआययूकडे नोंदणी असलेलं एक्स्चेंज वापरावं आणि ओटीपी एसएमएसवर न घेता ऑथेंटिकेटर ॲपवर घ्यावा, कारण सिम स्वॅप झालं की एसएमएस चोराकडे जातात. पण रक्कम इतकी झाली, की गेली तर झोप उडेल, तर ती एक्स्चेंजवर ठेवू नये. आणि पैसे पाठवताना पत्त्याची पहिली-शेवटची चार अक्षरं जुळली म्हणून खूश होऊ नका. हुबेहूब वाटणारे पत्ते तुमच्या हिस्टरीत मुद्दाम पेरले जातात. मे २०२४ मध्ये एकाने तसा पत्ता कॉपी केला आणि सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर चोराला पाठवले. आधी अगदी छोटी रक्कम पाठवून बघायची, पोहोचली की बाकीची.

हे झालं तांत्रिक. आपल्याकडे जास्त पैसे बुडाले ते ओळखीपाळखीतून. गेनबिटकॉइन आठवत असेल, नसेल तर घरात एखाद्या काकांना विचारा. दरमहा १० टक्के, १८ महिने, अशी ती स्कीम. माणसं जोडा, कमिशन घ्या. नंतर परतावा बिटकॉइनमध्ये न देता कंपनीच्याच एमकॅप नावाच्या टोकनमध्ये मिळू लागला, ज्याला बाहेर फारशी किंमतच नव्हती. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला पकडलं. पुढचा भाग जास्त बोलका आहे. तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी. आरोप असा, की आरोपींच्या वॉलेटमधली क्रिप्टो त्यांनी स्वतःकडे वळवली. चावी हातात आली की काय होऊ शकतं, याचा पोलिसांनीच ठेवलेला हा आरोप!

आता त्या स्कीमची जागा टेलिग्राम ग्रुपने घेतली आहे. खोट्या ॲपवर नफा वाढताना दिसतो, सुरुवातीला हजार-दोन हजार काढूही देतात. मोठी रक्कम काढायला गेलं की ‘आधी ३० टक्के टॅक्स भरा’. हे ओळखायला सोपं आहे. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर खरोखरच आहे, पण तो सरकारला भरायचा असतो, ॲपवाल्याला नाही. एक टक्का टीडीएस विक्रीच्या रकमेतूनच कापला जातो, त्यासाठी वेगळे पैसे पाठवावे लागत नाहीत.

कॉलेजमधल्या मुलांना आणखी एक फटका बसतो तो पीटूपीचा. यूएसडीटी विकलं, समोरच्याने यूपीआय केलं, दोनशे-तीनशे रुपये सुटले. काही दिवसांनी अकाउंट फ्रीझ! कारण आलेला पैसा दुसऱ्या कुणाच्या तरी फसवणुकीचा होता आणि तक्रार दुसऱ्याच राज्यातल्या सायबर सेलकडे गेली होती. मग मेसचे पैसेही त्याच खात्यात अडकतात. ‘तुझं अकाउंट वापरू दे, कमिशन देतो’ म्हणणाऱ्याला तर दारातच उभं करू नये. तिथे तुम्ही साक्षीदार नसता, आरोपी होता.

आणि फसलात तर? घरी कळेल म्हणून दोन दिवस गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. पैसे बँकेतून गेले असतील तर पुढच्या खात्यात ते थांबवण्याची थोडी संधी पहिल्या काही तासांतच असते. लगेच १९३० लावा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका, ट्रान्झॅक्शन आयडी आणि चॅट डिलीट करू नका. त्यानंतर कोणी ‘एथिकल हॅकर’ मेसेज करेल, की फी भरा, कॉइन्स परत आणून देतो. ही बहुतेकदा त्याच धंद्याची दुसरी शाखा असते. १९३० वर तक्रार करायला काही फी लागत नाही.