उत्तरपत्रिकेत प्रश्नालाही जागा हवी

आपल्या शाळांमध्ये प्रश्न विचारायचे शिक्षकांनी आणि उत्तरे द्यायची विद्यार्थ्यांनी, अशी वाटणी कधीचीच झालेली आहे. त्यातही प्रश्न ठरलेले आणि उत्तरेही ठरलेली. दहावीचे वर्ष लागले की पाठ्यपुस्तक मागे पडते. गाईड, अपेक्षित प्रश्नसंच आणि क्लासच्या नोट्स पुढे येतात. ‘हे परीक्षेला येणार नाही’ असे कुणी म्हटले की कुतूहल तिथेच संपते.

कायदा मात्र वेगळे सांगतो. विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणे हे राज्यघटनेच्या कलम ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ म्हणते की मुलांनी कृतीतून आणि शोधातून शिकावे, भीतीपासून मुक्त असावे आणि आपले मत मोकळेपणाने मांडावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही जिज्ञासेवर आधारित अध्यापनाचा आग्रह आहे. म्हणजे कागदावर कमतरता नाही. प्रश्न आहे तो परीक्षेत काय विचारले जाते आणि आपण समाज म्हणून कशाचे कौतुक करतो याचा.

एक साधे उदाहरण घेऊ. बी रुजायला काय काय लागते, असे विचारले तर अनेक मुले बिनदिक्कत ‘पाणी, हवा आणि सूर्यप्रकाश’ असे लिहितात. त्याच मुलांच्या घरी मटकी भिजवून, फडक्यात बांधून, झाकून ठेवलेली असते आणि दुसऱ्या दिवशी तिला छान मोड आलेले असतात. तिथे सूर्यप्रकाश कुठे होता? स्वयंपाकघरात रोज दिसणारी गोष्ट आणि वहीत लिहिलेले वाक्य यांची गाठच पडत नाही, कारण ती घालून द्यावी असे कुणाला वाटलेले नसते. चार वाट्या घ्या. एक उजेडात, एक अंधारात, एक कोरडी, एक फ्रीजमध्ये. बाकी सगळे सारखे ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होते ते लिहून ठेवा. याला प्रयोगशाळा लागत नाही, अनुदानही लागत नाही. लागतात दोन-तीन दिवस आणि ‘मलाही नक्की माहीत नाही, करून पाहू’ असे वर्गासमोर म्हणू शकणारा शिक्षक.

मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. आमच्या कामाचा मोठा भाग म्हणजे बिघाड शोधणे, आणि ती पद्धत मटकीच्या वाट्यांपेक्षा वेगळी नाही. अंदाज बांधायचा, एकच गोष्ट बदलायची, निकाल पाहायचा, अंदाज चुकला तर सोडून द्यायचा. नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींकडे पदवी असते, गुण चांगले असतात. पण ज्याचे उत्तर कुठेच छापलेले नाही असे काम समोर आले की त्यातले बरेच जण थांबतात. हुशारी कमी असते म्हणून नव्हे, तर सोळा वर्षांच्या शिक्षणात तशी वेळच आलेली नसते म्हणून. तयार उत्तर आता मोबाइलवर क्षणात मिळते. ते बरोबर आहे का, हे तपासणारे डोके मात्र शाळेतच घडायला हवे.

‘हे सगळे महागड्या शाळांना परवडते, आपल्या सरकारी शाळेत कसे होणार?’ असा आक्षेप नेहमी येतो. त्याला उत्तर आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रुरल सेंटर या दोन संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा वेगळा कार्यक्रम सुरू केला. सहावी ते आठवीची मुले गटागटाने स्वतः प्रयोग करत, निरीक्षणे नोंदवत आणि त्यावर वर्गात वाद घालत. शास्त्रज्ञ आणि विद्यापीठातील प्राध्यापक शिक्षकांसोबत बसून पाठ तयार करत. शिक्षकांच्या दरमहा बैठका होत आणि अडचणी तिथे मांडल्या जात. मुलांनी प्रश्न पाठवावेत म्हणून ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. त्याच्या नावाने मुलांना उत्तरे जात. पुण्यात टेल्कोमध्ये काम करणारे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तिथे गेले आणि टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याचे त्यांचे आयुष्यभराचे काम तिथूनच सुरू झाले.

या कार्यक्रमाने परीक्षाही बदलली, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुस्तक उघडून लिहिण्याची लेखी परीक्षा आणि सोबत प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा. पाठांतराला गुणच नसतील तर पाठांतर कोण करील? १९७८ मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात पोहोचला आणि पुढे इतर जिल्ह्यांतही गेला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. देशभरातील शास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला, पण निर्णय बदलला नाही. तीस वर्षे सरकारी शाळांत चाललेले काम एका आदेशाने थांबू शकते, कारण त्याच्या पाठीशी पालकांचा आणि समाजाचा पुरेसा आग्रह उभा राहत नाही. हा आग्रह उभा करणे आपल्या हातात आहे.

आपल्या वस्त्यांमध्ये दरवर्षी निकालानंतर गुणगौरव समारंभ होतात. ट्रॉफी, शाल, हार, फोटो. हा सगळा सन्मान टक्केवारीचा असतो. त्याच मंचावर एक बक्षीस त्या मुलीला द्या, जिने आपल्या गल्लीतील नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येते याची महिनाभर नोंद ठेवली. अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थांनी भिंतीवर एक प्रश्नपेटी लावावी आणि आठवड्यातून एक तास त्यातल्या प्रश्नांसाठी ठेवावा. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनी घटक चाचणीत निदान एक प्रश्न असा मागावा, ज्याचे उत्तर गाईडमध्ये सापडणार नाही.

हा केवळ विज्ञान विषयाचा मामला नाही. मोबाइलवर एक क्लिप येते, कुठली, कधीची, कुणी काढलेली याची विचारपूस न करता ती पुढे जाते आणि संध्याकाळपर्यंत शहरातली दुकाने बंद होतात. अशा अफवांची किंमत कोण मोजतो, हे वेगळे सांगायला नको. ‘हे कशावरून?’ असे विचारायची सवय ज्याला दहाव्या वर्षी लागली, तो विसाव्या वर्षी ती क्लिप पुढे पाठवण्याआधी थांबेल. मात्र त्यासाठी दहाव्या वर्षी त्याला ‘गप्प बस’ म्हणणे आधी आपण थांबवले पाहिजे, वर्गात आणि घरातही.