ब्राझीलचा रंग आणि रक्त

ब्राझीलमध्ये जनगणनेचा कर्मचारी दारात आला की एक प्रश्न ठरलेला असतो : तुमचा रंग किंवा वंश कोणता? उत्तराला पाच पर्याय. गोरा, काळा, पूर्व आशियाई मूळ असलेल्यांसाठी ‘पिवळा’, मूलनिवासी आणि ‘पार्दो’, म्हणजे मिश्र वर्णाचा. यातला कोणता निवडायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे. त्यासाठी कागदपत्रे लागत नाहीत.

२०२२च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या २० कोटी ३० लाख भरली. त्यात ४५.३ टक्के लोकांनी स्वतःला पार्दो म्हटले, ४३.५ टक्क्यांनी गोरे आणि १०.२ टक्क्यांनी काळे. २०१०मध्ये गोऱ्यांचे प्रमाण ४७.७ टक्के होते आणि तोच सर्वांत मोठा गट होता. मूलनिवासींची संख्या तर या १२ वर्षांत सुमारे नऊ लाखांवरून १७ लाखांजवळ पोहोचली.

एवढी वाढ केवळ जन्मदराने होत नाही. मूलनिवासींच्या बाबतीत मोजण्याची पद्धत सुधारली. त्यांच्या अधिकृत प्रदेशांबाहेरच्या वस्त्यांमध्येही ‘तुम्ही स्वतःला मूलनिवासी मानता का’ असे विचारले गेले. शिवाय, पूर्वी जी ओळख लपवावीशी वाटे ती आता अनेकजण उघडपणे सांगतात. म्हणजे आकडा बदलला त्यात माणसे जेवढी बदलली, त्याहून अधिक त्यांचे स्वतःकडे पाहणे बदलले.

जनुके मात्र वेगळी गोष्ट सांगतात. मे २०२५मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ब्राझीलच्या २,७२३ जणांच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार सरासरी वारसा सुमारे ६० टक्के युरोपीय, २७ टक्के आफ्रिकी आणि १३ टक्के मूलनिवासी आहे. बापाकडून मुलाकडे येणारे वाय गुणसूत्र ७१ टक्के युरोपीय आढळले. आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील डीएनए मात्र ४२ टक्के आफ्रिकी आणि ३५ टक्के मूलनिवासी. १५००मध्ये पोर्तुगीज आले, पुढे सुमारे ५० लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून आणली गेली आणि १८८८पर्यंत गुलामगिरी कायदेशीर राहिली. त्या काळात कोणत्या पुरुषांची सत्ता कोणत्या स्त्रियांवर चालली, याची नोंद आजच्या पेशींत शिल्लक आहे.

या अभ्यासात ८० लाखांहून अधिक जनुकीय फरक असे सापडले, जे आधी कुठेच नोंदलेले नव्हते. जगातील जनुकीय माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचीच गर्दी असल्याने ते आजवर नजरेआड राहिले होते. त्यांतले काही फरक हृदयविकार, लठ्ठपणा किंवा संसर्गजन्य आजारांशी जोडलेले असू शकतात. ते माहीतच नसतील तर युरोपीय माहितीवर बेतलेली तपासणी ब्राझीलमधल्या रुग्णाला चुकीचा निष्कर्ष देऊ शकते.

मग रुग्णाच्या रंगावरून उपचार ठरवावेत का? नाही. सर्जिओ पेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्येच दाखवून दिले होते की ब्राझीलमध्ये एखाद्याच्या त्वचेवरून त्याचा आफ्रिकी वारसा किती, याचा नीट अंदाज येत नाही. रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनचेच पाहा. त्याची मात्रा बऱ्याच अंशी दोन जनुकांतील फरकांवर अवलंबून असते. डॉक्टरला ती जनुके पाहावी लागतील. चेहरा पाहून भागणार नाही. सिकलसेलच्या बाबतीत ब्राझीलने हीच वाट धरली आहे. हा आजार तिथे प्रामुख्याने आफ्रिकी वारशातून आला, तरी राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची तपासणी नवजात बाळाचा रंग न पाहता केली जाते.

तरीही जनगणनेतला रंगाचा रकाना निरुपयोगी ठरत नाही. ब्राझीलमध्ये बाळंतपणात दगावणाऱ्यांचे प्रमाण काळ्या स्त्रियांत गोऱ्या स्त्रियांपेक्षा बरेच अधिक आहे. त्याचे कारण जनुकांपेक्षा गरिबी, उशिरा मिळणारे उपचार आणि रुग्णालयात मिळणारी वागणूक यांत शोधावे लागते. रंगाची नोंदच केली नाही, तर ही तफावत सरासरीच्या आकड्यात विरघळून जाईल. औषधाची मात्रा ठरवताना जनुके पाहावीत आणि दवाखाना कुणापर्यंत पोहोचत नाही हे शोधताना जनगणना. या दोन्ही नोंदी लागतात. एकीचे काम दुसरीवर सोपवले की नुकसान रुग्णाचेच होते.